माणूस तोच, जागा वेगळी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी सामाजिक मानसशास्त्र शिकवते. पहिल्याच तासाला व्याख्या उतरवून द्यायची नाही, असं काही वर्षांपूर्वी ठरवलं. त्याऐवजी फळ्यावर एका गावाचं नाव आणि एक तारीख लिहिते : राईनपाडा, १ जुलै २०१८.

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात हे गाव आहे. त्या रविवारी तिथे आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, फिरत फिरत तिथे पोचले होते. भिक्षा मागत गावोगाव जाणं ही या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होत्या. जमावानं पाचही जणांना धरलं, मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे त्यांचा जीव घेतला.

मग मी मुलांना विचारते, हे का घडलं असेल? दरवर्षी तीन उत्तरं येतात. मारणारे विकृत होते. मारणारे अडाणी होते. व्हॉट्सअ‍ॅपनं घात केला.

पहिल्या उत्तरावर मी एवढंच विचारते की इतकी विकृत माणसं एकाच दिवशी एकाच बाजारात कशी जमली? आदल्या रविवारी तीच माणसं तिथे कांदे-मिरच्या घेत होती. दुसऱ्या उत्तरावर शिकलेल्या माणसांनी भरलेल्या शहरांमधल्या दंगलींची आठवण करून देते. तिसरं उत्तर सर्वांत जवळचं आहे, पण तेही पुरत नाही. तो निरोप तेव्हा राज्यभर फिरत होता, कितीतरी फोनवर आला होता. वाचणाऱ्या बहुतेकांनी काही केलं नाही, आणि एका गावातल्या बाजारात पाच माणसं गेली. हा फरक कशानं पडला? इथे वर्ग गप्प होतो, आणि इथूनच आमचा विषय सुरू होतो.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली केलेली व्याख्या आजही पाठ्यपुस्तकांत आहे. इतर माणसांच्या प्रत्यक्ष, कल्पित किंवा गृहीत धरलेल्या उपस्थितीचा व्यक्तीच्या विचारांवर, भावनांवर आणि वागण्यावर कसा परिणाम होतो, याचा अभ्यास म्हणजे सामाजिक मानसशास्त्र. यातला ‘कल्पित’ हा शब्द मुलांना अवघड जातो. मग मी म्हणते, ‘चार लोक काय म्हणतील’ हे वाक्य घरात किती वेळा ऐकलंत? ते चार लोक कधी समोर बसलेले नसतात. त्यांची नावंही कुणाला ठाऊक नसतात. तरी मुलीचं शिक्षण, लग्नातला खर्च, म्हाताऱ्या आईला कुठे ठेवायचं, सगळं त्यांना विचारून ठरतं. समाजशास्त्र कुटुंब, जात, बाजार अशा संस्था पाहतं, मानसशास्त्र एकेकट्या माणसाचं मन पाहतं, आणि हे चार लोक त्या मनात घर करून कसे राहतात हे पाहायला आमचा विषय उंबरठ्यावर उभा राहतो.

यात नवीन काय, हे तर आमच्या आजीलाही माहीत होतं, असं कुणीतरी म्हणतंच. आजीला खरोखर माहीत होतं. ‘ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण म्हणजे आमच्या विषयाचं निम्मं पुस्तक आहे. पण त्याच आजीनं ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ हेही सांगून ठेवलंय. आता माणूस शेजाऱ्याच्या संगतीनं बदलतो की मरेपर्यंत तसाच राहतो? आपण प्रसंग पाहून सोयीची म्हण काढतो. आपल्या पोरानं दगड मारला तर संगत वाईट, दुसऱ्याच्या पोरानं मारला तर खोडच वाईट. कोणती म्हण कधी लागू पडते हे तपासून पाहायची सोय म्हणींमध्ये नसते. ती सोय उभी करण्यासाठी हे शास्त्र आहे.

राईनपाड्याच्या अफवेकडे परत येते, कारण अफवांच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा धागा आपल्या देशातून निघालाय आणि आपल्या विद्यार्थ्यांना तो क्वचितच सांगितला जातो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर लोकांत उठलेल्या अफवा जमुना प्रसाद या भारतीय अभ्यासकानं गोळा केल्या आणि १९३५ साली एका ब्रिटिश मानसशास्त्रीय नियतकालिकात त्यांचं विश्लेषण छापलं. आणखी मोठा भूकंप येणार, वादळ येणार, अमुक दिवशी सर्वनाश होणार, अशा त्या अफवा होत्या. ज्यांना हादरा जाणवला होता पण ज्यांच्या डोळ्यांसमोर पडझड झाली नव्हती, अशा भागातल्या लोकांमध्ये त्या पसरत होत्या. पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना हे कोडं वाटलं. आधीच घाबरलेली माणसं आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? त्यांनी काढलेलं उत्तर असं की भीती मनात होती, पण भीतीचं कारण समोर दिसत नव्हतं. अफवेनं ते कारण पुरवलं. भारतीय मानसशास्त्रज्ञ दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर केलेलं निरीक्षण याला जुळणारं होतं. जिथे विध्वंस समोर दिसत होता, तिथे तसल्या अफवांची गरज पडली नव्हती. मतं आणि वागणं जुळत नसलं की माणसाला होणाऱ्या अस्वस्थतेचा फेस्टिंगर यांचा १९५७चा सिद्धान्त जगभर गाजला. त्याच्या मुळाशी बिहारची माणसं आहेत.

हे कळलं की ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ या फलकाची ताकद किती, हे लक्षात येतं. अफवा आली म्हणून भीती आली असं आपण धरून चालतो. पुष्कळदा भीती आधीच घर करून असते आणि अफवा तिला चेहरा देते. आणि चेहरा द्यायचा झाला तर आपल्याकडे तयार चेहरे आहेत. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण पालं टाकून राहणारा, गावोगाव फिरणारा म्हणजे संशयित ही नजर उरली. त्या नजरेनं सगळेच भटके एका ओळीत उभे केले. राईनपाड्यात मेलेल्या पाच जणांचा गुन्हा एवढाच होता की ते त्या ओळीत बसत होते.

गर्दीला डोकं नसतं, असंही आपण म्हणतो. हे मला पटत नाही. फ्रेंच विचारवंत गुस्ताव ल बाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच मांडलं होतं, की गर्दीत शिरला की माणूस आपली विवेकबुद्धी बाहेर ठेवतो. पण मग वारीचं काय करायचं? लाखो माणसं पंधरा-वीस दिवस चालतात, अनोळखी माणसाच्या ताटात भाकरी वाढतात, रिंगणात शिस्त पाळतात. अलाहाबादच्या माघ मेळ्यात महिनाभर राहणाऱ्या ४१६ कल्पवाशांचा भारतीय आणि ब्रिटिश अभ्यासकांनी मिळून अभ्यास केला. मेळ्याला न गेलेल्यांशी तुलना केली, तर थंडी, गोंगाट, गैरसोय सोसूनही कल्पवाशांनी सांगितलेलं स्वास्थ्य सुधारलेलं होतं. गर्दीत माणूस ‘मी’ कमी आणि ‘आम्ही’ जास्त होतो. त्या ‘आम्ही’ची रीत काय, यावर पुढचं अवलंबून राहतं. वारीतल्या ‘आम्ही’ला समोरच्याच्या पाया पडायची रीत आहे. बाजारात जमलेल्या त्या ‘आम्ही’ला कुणीतरी ‘आपली पोरं वाचवा’ एवढंच सांगितलं होतं.

मग एखाद्यानं उठून ‘थांबा’ म्हटलं असतं तर? याचं सर्वांत साधं आणि मला सर्वांत आवडणारं उत्तर मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५१च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत आहे. काही रेघा दाखवायच्या आणि दिलेल्या रेघेएवढी कोणती ते विचारायचं. उत्तर लहान मुलालाही दिसेल इतकं उघड. पण खोलीतले बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत. ज्याला हे ठाऊक नसे त्या एकाच्या उत्तरांपैकी सुमारे ३७ टक्के उत्तरं त्या चुकीच्या बहुमताला जाऊन मिळाली. पाठ्यपुस्तकं बहुधा इथे थांबतात. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. त्या खोलीत खरं बोलणारा फक्त एक सोबती दिला, की हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येई. बहुमत तेवढंच, रेघा त्याच, फरक एका माणसाचा.

महाराष्ट्रानं हा एक माणूस सांभाळायचा कायदा केला आहे, असं मी मुलांना सांगते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा २०१७ मध्ये लागू झाला, देशातला तसा तो पहिला. जातपंचायतीच्या निवाड्याविरुद्ध बोलणाऱ्याला वाळीत टाकलं जातं ते एवढ्यासाठीच, की त्याचं बोलणं ऐकून आणखी पाच जण बोलतील. त्या एकाचं पाणी, किराणा, मुलांची सोयरीक तोडली की बाकीचे आपोआप गप्प. कायद्याची कलमं वाचताना मला ॲशची ती खोली दिसते. हा कायदा वापरणारे अजून फार थोडे आहेत, याचं मला दुःख आहे.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. परिस्थितीनं केलं म्हणालात, तर मारणाऱ्यांना सोडून द्यायचं का? अजिबात नाही. ज्यानं हात उचलला त्याची जबाबदारी त्याची, आणि ती ठरवायचं काम न्यायालयाचं. ॲशच्या खोलीतही जवळपास चौथा हिस्सा माणसं एकदाही डगमगली नव्हती, म्हणजे डगमगणं अटळ नसतं. पण शिक्षा घटना घडून गेल्यावर होते. पुढची घटना घडू नये म्हणून काय करायचं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि ‘ते विकृत होते’ या उत्तरातून त्यासाठी काहीच निघत नाही. राईनपाड्यानंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून जास्त चॅटमध्ये पुढे पाठवण्यावर बंधन घातलं. सर्वोच्च न्यायालयानं १७ जुलैला जमावहत्या रोखण्यासाठी दर जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. दोन्ही ठिकाणी कुणाचं मन बदललेलं नाही. मन ज्या जागी काम करतं ती जागा थोडी बदलली आहे. एवढं पुरेसं आहे असं मी म्हणत नाही, पण हा विचार बरोबर दिशेचा आहे.

आमच्या विषयातही मोठ्या चुका झाल्या आहेत, त्या लपवून तो शिकवता येत नाही. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हिस या तरुणीचा खून झाला. ३८ माणसं पाहत राहिली आणि कुणी मदत केली नाही, अशी बातमी वर्तमानपत्रात आली आणि पुस्तकांतून दशकानुदशकं सांगितली गेली. पुढे तपासल्यावर तो आकडा आणि ते चित्र दोन्ही फुगवलेले निघाले. त्या बातमीतून सुचलेल्या डार्ली आणि लाताने यांच्या १९६८च्या प्रयोगाचे आकडे मात्र वेगळे आणि ठोस आहेत. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फिट आल्याचा आवाज आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के त्याच्या मदतीला वेळेत धावले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तर साधारण ३६ टक्क्यांचेच निष्कर्ष पुन्हा हाती आले, आणि त्यातल्या सामाजिक मानसशास्त्राच्या प्रयोगांचं प्रमाण तर चौथ्या हिश्श्याच्या आसपास होतं. ज्यांवर प्रयोग झाले ती माणसं कोण, हाही प्रश्न आहे. २०१० साली तीन संशोधकांनी आधीच्या एका पाहणीच्या आधारे दाखवून दिलं की मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतली ९६ टक्के माणसं जगाच्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांमधली होती. म्हणजे आमची मुलं परीक्षेसाठी पाठ करतात ते बव्हंशी अमेरिकी कॉलेजातल्या मुलांचं मन. याचा मला राग येतो. आपल्या तालुक्यांमध्ये, आपल्या शाळांमध्ये हे प्रयोग व्हायला हवेत.

झालेले आहेत, थोडे. त्यातला एक मी दरवर्षी तास संपायच्या आत सांगतेच.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांकडून कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवून घेतली. ३२१ मुलं उच्च म्हणवल्या जाणाऱ्या जातींची, ३२१ मुलं खालच्या ठरवलेल्या जातींची. सहा जण एका खोलीत बसत, पुष्कळदा दोन्ही गटांतले तीन-तीन. सुटलेल्या कोड्यामागे पैसे मिळत. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक नव्हता. काही खोल्यांमध्ये मात्र कोडी वाटण्याआधी एक गोष्ट केली गेली. प्रत्येक मुलाचं नाव, गाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटली गेली, आणि बरोबर असेल तर मुलानं मान डोलवायची. एवढंच. त्या खोल्यांमध्ये खालच्या ठरवलेल्या जातींच्या मुलांची कोडी कमी सुटली, आणि एरवी नसलेली दरी दिसू लागली. मुलांची बुद्धी दोन्हीकडच्या खोल्यांमध्ये सारखीच होती.

हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझा सातवीचा वर्ग आठवला. वर्षातून एकदा शिपाई ऑफिसातून यादी घेऊन यायचा आणि सर ती वाचायचे. आधी जात, मग त्याखालची नावं. नाव आलं की उभं राहायचं आणि जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणलाय की नाही ते सांगायचं. माझ्या बाकावरची मुलगी गणितात माझ्या पुढे होती. यादीच्या दिवशी ती उभी राहायची, बसायची, आणि पुढच्या तासाला तिचा हात वर जायचा नाही. मी शेजारी बसून ते पाहिलं होतं. मला वाटायचं, तिचं पोट दुखत असेल.

आमचे सर वाईट नव्हते. कुणाची शिष्यवृत्ती बुडू नये म्हणून ते स्वतः तहसील कचेरीत खेटे घालायचे. त्या वर्गात विकृत कोण, असं शोधायला गेलं तर कुणीच सापडणार नाही. म्हणूनच मी हे उदाहरण राईनपाड्याच्या शेजारी ठेवते. दोन्हींच्या भीषणतेची तुलना नाही. पण दुष्ट माणूस शोधायची सवय राईनपाड्यात अपुरी पडते, आणि शाळेच्या वर्गात तर ती आंधळीच होते.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात म्हटलं होतं की जात म्हणजे विटांची भिंत किंवा काटेरी तारेचं कुंपण नव्हे, ती एक धारणा आहे, मनाची अवस्था आहे. मला वाटतं, ती अवस्था मनात टिकून राहते कारण आपण तिला रोज खुराक देतो. हजेरीपटात, यादीत, नोटीस बोर्डावर, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तेव्हा नावाचा मार लागतो हे शासनानं मान्य केलं. शाळेच्या दारात ते मान्य करणं अजून बाकी आहे. तमिळनाडूत निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीनं २०२४ मध्ये शिफारस केली, की शिष्यवृत्तीची माहिती विद्यार्थ्याला मुख्याध्यापकांनी खासगीत द्यावी आणि वर्गात जातीचा उल्लेख होऊ नये. आपल्याकडे यासाठी वेगळी समिती कशाला हवी?

जात लपवायची का, तिच्या नावानं मिळणारा हक्क सोडायचा का, असा प्रश्न माझ्या सहकाऱ्यांनी मला विचारला आहे. नोंद कचेरीत असलीच पाहिजे, नाहीतर हक्क कागदावरही उरणार नाही. एखादी मुलगी उभी राहून अभिमानानं आपली ओळख सांगत असेल तर तिला टाळ्या वाजवू. पण सांगायचं की नाही हे तिनं ठरवायचं आहे. साठ मुलांसमोर तिच्या वतीनं ते दुसऱ्या कुणी वाचून दाखवायचं नाही. डी.एल.एड. आणि बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला हॉफ-पांडे यांचा प्रयोग शिकवला जावा, नुसता शिकवला न जाता छात्राध्यापनाला जाताना करून पाहायला सांगावा की आपल्या शाळेत मुलाची जात कुठे कुठे उच्चारली जाते, कोण उच्चारतं, कुणासमोर. त्या नोंदींमधून महाराष्ट्राबद्दल जे कळेल ते आज कोणत्याही पुस्तकात नाही.

या जूनमध्ये आमच्या विभागानं प्रवेशाची यादी नोटीस बोर्डावर लावण्याआधी तिच्यातला प्रवर्गाचा रकाना काढून टाकला. शासन निर्णयाची वाट पाहावी लागली नाही, क्लार्कबाईंची पाच मिनिटं गेली. शिष्यवृत्तीचे अर्ज राहिलेल्यांना आता एकेकाला फोन करतो. दुसऱ्याच दिवशी त्याच रकान्यासह ग्रंथालयाची यादी बाहेरच्या भिंतीवर लागली होती. ग्रंथपालांशी बोलायला सोमवारी जाणार आहे.